मिडवाइफकडे बाळंतपण: व्हिटॅमिन के, डोळ्यांचं मलम, पहिली लस – यातलं काय घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तेहतिसावा आठवडा चालू आहे, पहिलं बाळंतपण आहे आणि ते पुण्यात मिडवाइफच्या केंद्रात करायचं ठरलंय. अमेरिकेतल्या बहिणीच्या बाळाला जन्मल्याबरोबर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, डोळ्यांत मलम आणि हिपॅटायटिस बीची लस असं तिन्ही दिलं. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी यातलं काही नव्हतं, तरी मुलं धडधाकट वाढली. मिडवाइफने ‘वाचा, विचार करा, मग बोलू’ म्हणून निर्णय तुमच्यावर सोडलाय. आणि बाळाचा पहिला तास सुई न टोचता जावा असं तुम्हाला मनापासून वाटतंय. मग तिन्हीला नाही म्हणावं का?

मी परिचारिका-प्रसाविका आहे. आधी सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात बरीच वर्षं काढली, आता मिडवाइफच्या टीममध्ये काम करते. पहिला तास शांत हवा ही तुमची इच्छा मला पूर्ण पटते, आणि ती पाळताही येते. कशी ते खाली सांगते. पण तिन्ही गोष्टी एका गाठोड्यात बांधून त्या गाठोड्याला हो किंवा नाही म्हणू नका. आजार तीन आहेत, त्यांचा धोका वेगवेगळा आहे आणि तुमच्या बाळाला तो किती आहे हेही प्रत्येक वेळी वेगळं निघतं.

आई-वडील माझ्याकडे असे प्रश्न घेऊन येतात तेव्हा आजार किती जणांना होतो, औषध किती चालतं, त्याचा त्रास काय, हे तर आम्ही बघतोच. पण मी सगळ्यात जास्त वजन एका प्रश्नाला देते. आपण हे नाकारलं आणि तो आजार झालाच, तर तो वेळेत लक्षात येईल का, आणि लक्षात आल्यावर बाळ पूर्ण बरं करता येईल का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर नाकारायला जागा आहे, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता येतं. उत्तर ‘नाही’ असेल तर लक्ष ठेवण्याचा काही उपयोग होत नाही, जे करायचं ते आधीच करावं लागतं.

या कसोटीवर व्हिटॅमिन के सगळ्यात वर येतं, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

रक्त गोठण्यासाठी लागणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. ते कमी पडलं तर बाळाला रक्तस्राव होऊ शकतो. वारेतून ते बाळाकडे फारच थोडं जातं. मोठ्यांच्या आतड्यातले जीवाणू थोडंफार तयार करतात, पण नवजात बाळाच्या आतड्यात ते अजून वसलेले नसतात. आईच्या दुधात त्याचं प्रमाण लिटरमागे साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम. बाळंतिणीने मेथी, पालक, शेपू कितीही खाल्लं तरी रोजच्या जेवणातून दुधातलं प्रमाण बाळाला पुरेल इतकं वाढत नाही. डब्यातल्या दुधात ते वरून घातलेलं असतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यानंतरचा हा रक्तस्राव जवळजवळ नेहमी फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांतच दिसतो. याचा अर्थ आईच्या दुधात खोट आहे असा कुणी काढू नये. दूध आईचंच द्यायचं आणि ही एक उणीव बाहेरून भरून काढायची.

हा रक्तस्राव तीन वेळांना होतो. पहिल्या २४ तासांतला बहुतेक वेळा आईच्या औषधांमुळे होतो: फिट्सच्या काही गोळ्या, टीबीचं रिफॅम्पिसिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन. तुम्ही यातलं काही घेत असाल तर आजच मिडवाइफला आणि डॉक्टरांना सांगा, कारण मग बाळंतपण कुठे करायचं याचाही पुन्हा विचार करावा लागतो. दुसरा पहिल्या आठवड्यातला: नाळेतून रक्त झिरपणं, शीतून किंवा उलटीतून रक्त येणं. काहीच दिलं नाही तर हा हजार बाळांमागे अडीच ते सतरा बाळांना होतो असं जुने अभ्यास सांगतात. यातली बरीच बाळं वाचतात, कारण रक्त डोळ्यांना दिसतं.

मला काळजी तिसऱ्याची आहे. तो दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत, क्वचित सहा महिन्यांपर्यंतही होतो. बाळ छान वाढत असतं, वजन भरत असतं, बारसं होऊन गेलेलं असतं. एके दिवशी ते किरकिर करायला लागतं, पीत नाही, एक-दोन उलट्या होतात. घरी वाटतं पोट दुखतंय, म्हणून ओवा-हिंगाचा लेप लावला जातो. संध्याकाळपर्यंत बाळ पांढरं पडतं, टाळू फुगलेली लागते, एका बाजूचा हात झटके देऊ लागतो. रुग्णालयात पोचेपर्यंत मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. या उशिराच्या प्रकारात निम्म्याहून अधिक बाळांत रक्तस्राव मेंदूतच होतो. वाचलेल्या अनेक बाळांना पुढे फिट्स, हातापायांचा कडकपणा, मतिमंदत्व असं काही ना काही राहतं. तिथे दिलेलं व्हिटॅमिन के काही तासांत रक्तस्राव थांबवतं, पण मेंदूला झालेली इजा भरून काढत नाही.

आता आकडा प्रामाणिकपणे सांगते. युरोपातल्या नोंदींप्रमाणे काहीही दिलं नाही तर हा उशिराचा रक्तस्राव लाख बाळांमागे साधारण चार ते सात बाळांना होतो. आशियातल्या काही देशांतून याहून मोठे आकडे आले आहेत. म्हणजे इंजेक्शन नाकारलं तरी तुमच्या बाळाला काही होणार नाही, हीच शक्यता कितीतरी मोठी आहे. तुमच्या सासूबाईंचा अनुभव म्हणूनच खरा आहे. बहुतेक घरांत काहीच झालं नव्हतं. ज्या घरात झालं तिथे ‘बाळाला आकडी आली आणि गेलं’ एवढंच कळलं, कारण डोक्याचा फोटो काढायची सोयच नव्हती. इंजेक्शन दिल्यावर हाच धोका लाखात एकाच्याही खाली जातो. आणि काही बाळांत आधी एखादी खूण दिसते, काहींत पहिली खूण हीच आकडी असते. लक्ष ठेवून हा आजार भरवशाने पकडता येत नाही, म्हणून या एका बाबतीत मी आई-वडिलांसमोर तटस्थ राहत नाही. घ्या, असंच सांगते.

इंटरनेटवर वाचलेल्या ज्या शंका तुम्ही लिहिल्या आहेत त्यांना उत्तर देते. कॅन्सरची भीती १९९२ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या एका अभ्यासातून आली. त्यात इंजेक्शन घेतलेल्या मुलांत कॅन्सर जास्त दिसला होता. प्रश्न गंभीर होता, म्हणून त्यानंतर बऱ्याच देशांत कितीतरी मोठ्या संख्येवर तो पुन्हा तपासला गेला आणि तसा संबंध आढळला नाही. काविळीची भीती आणखी जुन्या काळातली आहे. पूर्वी के-३, म्हणजे मेनाडायोन नावाचा कृत्रिम प्रकार वापरत, तोही जास्त मात्रेत. त्याने बाळाच्या तांबड्या पेशी फुटायच्या आणि कावीळ वाढायची. आज देतात ते के-१, फायटोमेनाडायोन. १ मिलिग्रॅम मात्रेत त्याचा तो त्रास नाही. ‘नाळ उशिरा कापली की इंजेक्शन लागत नाही’ हेही बरंच फिरतं. नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापावी, जरूर थांबावं. बाळाला लोहाचा चांगला साठा मिळतो. पण नाळेतल्या रक्तातच व्हिटॅमिन के अगदी कमी असतं, तर थांबून ते येणार कुठून? तसंच, चिमटा लावून किंवा अवघड झालेल्या बाळंतपणातच हे इंजेक्शन हवं असं नाही. उशिराचा रक्तस्राव सहज, सुखरूप जन्मलेल्या बाळातही होतो.

खरा त्रास काय? सुईचं दुखणं, कधी मांडीवर छोटा डाग किंवा गाठ. तीव्र ॲलर्जीच्या नोंदी आहेत, पण त्या अत्यंत विरळ.

थेंब चालतील का? काही देशांत तोंडावाटे देतात: जन्मताना, मग आठवड्याभरात आणि पुन्हा चार-सहा आठवड्यांनी. पहिल्या आठवड्यातल्या रक्तस्रावासाठी ते चालतं, उशिराच्या रक्तस्रावासाठी तोकडं पडतं. नेदरलँड्समध्ये रोज २५ मायक्रोग्रॅम देण्याची पद्धत होती. ज्या बाळांची पित्तनलिका जन्मतः बंद होती आणि जी फक्त अंगावर पीत होती, त्यातल्या बहुतेकांना ते थेंब देऊनही रक्तस्राव झाला. पित्त आतड्यात येत नसेल तर तोंडावाटे दिलेलं व्हिटॅमिन के शोषलंच जात नाही, आणि जन्माच्या दिवशी अशा बाळावर कुठली खूण नसते. शिवाय नवजातासाठी बनवलेलं तोंडावाटेचं औषध आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही आणि तिसरा डोस बहुतेक घरांत राहून जातो. इंजेक्शन कुठल्याही परिस्थितीत नकोच असेल तर काहीच न देण्यापेक्षा तीनही डोस नेमाने देणं बरं, पण ते बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घेऊन.

आता तुमच्या शांत तासाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसच अशी आहे की आधी बाळ तासभर आईच्या उघड्या छातीवर राहू द्यावं, पहिलं पाजणं होऊ द्यावं, आणि त्यानंतर १ मिलिग्रॅम व्हिटॅमिन के स्नायूत द्यावं. केंद्र सरकारनेही २०१४ मध्ये सगळ्या नवजातांना हे इंजेक्शन देण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे तुम्हाला हवं तेच नियमात आहे. घाईने बाळ उचलून टेबलावर नेऊन टोचणं ही त्या त्या ठिकाणची सवय आहे, गरज नाही.

आम्ही कसं देतो ते सांगते. बाळ छातीशी असतं, स्तन नीट तोंडात धरून चार-दोन मोठे घोट घेईपर्यंत थांबते. मग गुडघ्याच्या वर हलक्या हाताने पाय धरते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, २६ नंबरची बारीक सुई, जेमतेम अर्धा मिली औषध. बाळ स्तन सोडून एकदा मोठ्याने रडतं, आई त्याला जवळ ओढते आणि बहुतेक वेळा कापूस दाबून धरलेला असतानाच ते पुन्हा प्यायला लागतं. अंगावर पिताना टोचलं तर बाळाला दुखणं कमी जाणवतं, हे अभ्यासांतही दिसलंय.

एक गोष्ट मात्र स्वतः बघून घ्या, किंवा यजमानांना बघायला सांगा. बाजारात दोन प्रकारच्या ॲम्प्युल असतात: नवजातासाठी अर्ध्या मिलीत १ मिलिग्रॅम, आणि मोठ्यांसाठी एका मिलीत १० मिलिग्रॅम. काचेवरचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचायला सांगा. चांगली मिडवाइफ याचा राग मानत नाही. आम्ही एकमेकींनाही वाचून दाखवतोच.

हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूसंसर्ग. त्याच्या लसीचं गणित वेगळं आहे. इथे तुमची स्वतःची एचबीएसएजी तपासणी (रक्तात हा विषाणू आहे का ते सांगणारी) हातात घेऊन बोलायला हवं. ती पॉझिटिव्ह असेल तर चर्चेला जागाच नाही: बाळाला १२ तासांच्या आत लस आणि सोबत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दोन वेगळ्या मांड्यांत. ते इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं आणि रात्री दोन वाजता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून आधीच आणून फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. एवढं केलं की अंगावर पाजायला हरकत नाही.

तुमची तपासणी निगेटिव्ह आहे असं तुम्ही लिहिलंय. मग लस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर शंभरातले साधारण पंचाण्णव जण बरे होतात. जन्माच्या वेळी झाला तर शंभरातली नव्वद बाळं कायमची वाहक होतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ऐन तारुण्यात किंवा चाळिशीत यकृताचा सिरोसिस नाहीतर कॅन्सर गाठतो. आईची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेली असते. संसर्ग नंतर होऊ शकतो, रिपोर्टची अदलाबदल होऊ शकते, आणि आपल्याकडे बाळाला घेणारे हात पुष्कळ असतात. घरात कुणी वाहक असेल आणि त्यालाच ते माहीत नसेल, असंही होतं. संसर्ग झाला तरी बाळ वरून ठणठणीत दिसतं, वर्षानुवर्षं काही कळत नाही. माझ्या कसोटीवर हीही लक्ष ठेवून पकडता येणारी गोष्ट नाही. पण आईचा अहवाल ताजा आणि पक्का निगेटिव्ह असेल तर धोका खूपच कमी होतो आणि सहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंटमधून (पाच आजारांवरची एकत्र लस) हीच लस मिळणारच असते. म्हणून व्हिटॅमिन केइतकी मी इथे हट्टाला पेटत नाही. तरी माझ्या घरातल्या बाळाला मी ती पहिल्याच दिवशी देईन. सुरक्षित लस आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि देशभरात २०११ पासून नियमित लसीकरणात आहे.

मिडवाइफकडच्या बाळंतपणात अडचण येते ती इच्छेपेक्षा घड्याळाची. सरकारी कार्यक्रमात हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस २४ तासांच्या आतच देतात. त्यानंतर तो टळला की टळला. तुम्ही केंद्रातून बारा तासांत घरी गेलात, तो शनिवार होता, आणि महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरण मंगळवारी असतं, असं झालं तर कुणी नाही न म्हणताच तो डोस जातो. बीसीजी आणि पोलिओला एवढी घाई नसते. पोलिओचे दोन थेंब पंधरा दिवसांपर्यंत चालतात. बीसीजी वर्षाच्या आत कधीही देता येते, मात्र टीबीचं प्रमाण बघता आपल्याकडे ती उगाच लांबवू नये; तान्ह्या बाळातला मेंदूचा टीबी फार वाईट असतो आणि त्यापासून ही लस चांगलं संरक्षण देते. बीसीजीची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून दवाखाने पाच-सहा बाळं जमली की ठरावीक दिवशीच ती फोडतात. तुम्हाला ‘उद्या या’ म्हटलं तर कुणी टाळाटाळ करतंय असं समजू नका; दिवस विचारून घ्या.

डोळ्यांच्या मलमाबद्दल मी सगळ्यात मोकळी आहे. याची सुरुवात जर्मनीतल्या लायपझिगमध्ये कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास केली. आईला गोनोरिया (लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग) असेल तर बाळाच्या डोळ्यांत जन्मताना जंतू जाऊन बाळ आंधळं व्हायचं. क्रेडेंनी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि त्यांच्या रुग्णालयातलं डोळे येण्याचं प्रमाण दहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आलं. अँटिबायोटिक्स नव्हती त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. तुमच्या बहिणीच्या बाळाला एरिथ्रोमायसिनचं मलम घातलं ते याच परंपरेतून. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तसा कायदाच आहे. इंग्लंडमध्ये मात्र ते सरसकट घालत नाहीत, आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सरसकट मलमाऐवजी गरोदर आईची तपासणी आणि उपचार यावर भर द्यावा असं सुचवलं. जागतिक आरोग्य संघटना अजूनही सगळ्या नवजातांसाठी शिफारस करते, कारण तिला तपासणी न झालेल्या आयांचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे बहुतेक प्रसूतिगृहांत हे मलम रिवाजात नाही.

तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना गोनोरिया किंवा तसाच पसरणारा क्लॅमिडिया नाही, याची तपासणी झालेली असेल किंवा तसा धोका नाही याची खात्री असेल, तर मलमाला नाही म्हणायला माझी काहीच हरकत नाही. खात्री नसेल तर आत्ता, बाळंतपणाआधी तपासून घ्या. तपासणीत काही निघालं तर उपचार तुमचे दोघांचे होतील, आणि ते मलमापेक्षा जास्त उपयोगी आहेत. कारण मलम क्लॅमिडियाला नीट रोखत नाही आणि त्यापासून होणारा न्यूमोनिया तर मुळीच थांबवत नाही. शिवाय हा आजार दिसतो. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी दोन्ही पापण्या टम्म सुजून भरपूर पिवळा पू येत असेल, पुसला की लगेच पुन्हा भरत असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. गोनोरियाचा जंतू बुबुळाला एका दिवसात भोक पाडू शकतो. क्लॅमिडियाचे डोळे सहसा पाचव्या ते चौदाव्या दिवशी येतात. एका डोळ्याच्या कोपऱ्यात सकाळी थोडी चिपडं आणि डोळा पांढरा स्वच्छ, हे बहुधा अश्रुनलिका अजून मोकळी न झाल्यामुळे असतं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसलं की पुरतं. डोळ्यांत काजळ मात्र नको, घरी केलेलंही नको. तीट लावायचीच तर तळपायाला लावा.

नाळेबद्दल दोनच वाक्यं. स्वच्छ ठिकाणच्या बाळंतपणात तिला काहीही लावायचं नाही, कोरडी आणि उघडी ठेवायची. हळद, तेल, पावडर, भस्म काही नको. जिथे बाळंतपण घरीच होतं आणि नाळेला काहीतरी लावण्याची रीत सुटत नाही, तिथे त्याऐवजी पहिला आठवडा क्लोरहेक्सिडिन लावायला सांगतात. आणि रोजचे ४०० युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब पहिल्या आठवड्यापासून वर्षभर द्यायचे, त्यासाठी सुई लागत नाही म्हणून ते विसरलं जातं एवढंच.

तुमच्या मिडवाइफशी छत्तिसाव्या आठवड्याच्या भेटीत एकदा नीट बसून बोला. व्हिटॅमिन के केंद्रात आहे का, कोणत्या मात्रेचं, आणि कोण देणार? नोंदणीकृत परिचारिका इंजेक्शन देऊ शकते. पारंपरिक सुईण देऊ शकत नाही. लस ठेवायला योग्य तापमानाचा फ्रीज आहे का, नसेल तर २४ तासांच्या आत बाळाला कुठे न्यायचं, तिथे रविवारी कोण असतं? बाळंतपण ऐनवेळी रुग्णालयात हलवावं लागलं तर तिथल्या लोकांना ‘तासभर छातीशी, मग इंजेक्शन’ हे कोण सांगणार? जे दिलं ते तारीख-वेळेसह माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. व्हिटॅमिन केही लिहून घ्या; लसी लिहिल्या जातात, हे राहतं. गावी सुईणीच्या हातून घरीच बाळंतपण होणार असेल तर आशाताईंना आधी सांगून ठेवा. घरच्या बाळंतपणानंतर त्यांची पहिली भेट त्याच दिवशी असते आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत एकूण सात भेटी असतात. पहिल्याच भेटीत बाळाला आरोग्य केंद्रात नेऊन व्हिटॅमिन के आणि लस दोन्ही उरकता येतं.

‘नाही म्हटलं तर मिडवाइफ आमचं बाळंतपण करेल का,’ असंही तुम्ही विचारलंय. करेल. बहुतेक ठिकाणी तुमच्याकडून लिहून घेतील की माहिती दिली होती. ती सही म्हणजे तुमच्यावरचा अविश्वास नव्हे. पुढे बाळ कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तर त्यांना कळावं म्हणूनही ती लागते. तिला उलट विचारा, ‘तुमच्या स्वतःच्या बाळाला तुम्ही काय दिलं असतंत?’ निर्णय तुमच्यावर सोडणं हा तिच्या कामाचा भाग आहे. पण विचारल्यावर आपलं मत सांगणं हाही आहे.

आणि एवढं वाचून, बोलून व्हिटॅमिन के नकोच असं ठरलं, तर पुढचे तीन महिने काही पथ्यं कसोशीने पाळा. बाराव्या दिवशी कान टोचू नका. जिभेखालची शीर कापणं, सुंता, असं काहीही व्हिटॅमिन के दिल्याशिवाय करू देऊ नका. मालिशवाल्या बाईंना आणि सासूबाईंना सांगून ठेवा, कारण बाळाचं सगळं अंग रोज तेच बघतात: कुठे काळानिळा डाग, नाकातून रक्ताचा थेंब, नाळ पडलेल्या जागेतून झिरपणं, शी काळी डांबरासारखी परत सुरू होणं. एखादा छोटा थेंबही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. मोठ्या रक्तस्रावाआधी कधीकधी तेवढीच खूण मिळते. कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली आणि शी मातकट पांढरी, लघवी गडद पिवळी असेल तर पित्तनलिकेची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. ती बंद असेल तर शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झालेली चांगली. हे शेवटचं इंजेक्शन घेतलेल्या बाळांनाही लागू आहे. आणि बाळ पीत नाही, सारखं कण्हतंय, पांढरं पडलंय, टाळू वर आलीये असं दिसलं तर घरचे उपाय करत बसू नका. जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे अशा रुग्णालयात न्या, आणि दारातच जो पहिला डॉक्टर भेटेल त्याला आधी सांगा की या बाळाला व्हिटॅमिन के दिलेलं नाही.